ताई, एक विचारायचं होतं : आधी नाव बघा, बॅग शेवटी भरू

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली, बाहेर नोकरी लागलीय आता काय काय करू. मी व्हिसाची वकील नाही हे आधीच सांगते, सहा वर्षं श्टुटगार्टजवळ राहून परत नाशिकच्या गंगापूर रोडला आलेली बाई आहे, त्यामुळे जे ठेचा खाऊन कळलं तेच लिहितेय.

ताई, मी अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, वय 29. श्टुटगार्टच्या कंपनीची ऑफर आलीय, ब्लू कार्डवर (शिकलेल्या नोकरदारांना मिळणारा तिथला परवाना) जायचंय, जॉइनिंग साडेतीन महिन्यांनी. डिग्री माहेरच्या नावावर आहे आणि पासपोर्ट सासरच्या. मिस्टर मागून येतील. एजंट म्हणतो सगळ्या कागदांना अपोस्टील लागेल, पैसे भरू का? (पाथर्डी फाटा)

अगं नको भरू, निदान अपोस्टीलचे, म्हणजे परदेशासाठी कागद खरा आहे असं सांगणाऱ्या सरकारी शिक्क्याचे तरी नको. कसंय, भारत 2005 मध्ये अपोस्टीलच्या हेग करारात गेला पण जर्मनीने तेव्हाच आपल्याबाबत हरकत घेतली, म्हणून आपला तो शिक्का नेदरलँड्सला चालतो, फ्रान्सला चालतो आणि जर्मनीत चालत नाही. त्यांना एखाद्या कागदाची शंका आली तर ते इथे आपल्या गावात माणसाकरवी तपासून घेतात. एजंटला हे माहीत नसेल तर तो कच्चा आहे आणि माहीत असून पैसे मागत असेल तर मग काय बोलायचं.

तुझं पहिलं काम डिग्रीचं. अनाबिन नावाची जर्मनांची साइट आहे, फुकट आहे, त्यात आपलं विद्यापीठ शोध, नावापुढे एच प्लस, म्हणजे मान्यता आहे का बघ आणि तुझी डिग्री यादीत आहे का तेही बघ, दोन्ही पानं प्रिंट करून ठेव. डिग्री यादीत नसली तर झेडएबी नावाच्या त्यांच्या ऑफिसकडून तुलनेचा दाखला मागवावा लागतो, त्याला वेळ जातो, म्हणून हे काम याच आठवड्यात. आणि ज्यांच्या डिग्रीवर नुसतं पुणे विद्यापीठ छापलंय त्यांनी घाबरू नका, सावित्रीबाई फुले हे नाव 2014 ला जोडलं गेलं, विद्यापीठ तेच आहे.

आता नावाचं. पासपोर्ट बदलायला आत्ता अजिबात घेऊ नकोस, साडेतीन महिन्यांत नवा पासपोर्ट, मग पोलीस व्हेरिफिकेशन, मग ऑफर लेटरवर नवा नंबर, कशाला तो घोळ. माहेरच्या आणि सासरच्या नावाला जोडणारा एक पूल हवा, तो म्हणजे मॅरेज सर्टिफिकेट, ज्यात दोन्ही नावं स्पष्ट आहेत आणि इंग्रजीतही आहेत. स्पेलिंग एकेक अक्षर बोट ठेवून वाच. माझ्या सर्टिफिकेटवर माहेरच्या आडनावात एक ए जास्त पडला होता, लग्नानंतर नऊ वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, जर्मन बाईने दीड मिनिटात दाखवला. लग्नानंतर नाव बदलल्याचं गॅझेट केलं असशील तर त्याचीही प्रत ठेव. आणि मिस्टरांच्या व्हिसाला हेच सर्टिफिकेट लागणार आहे. बाकी त्यांना जर्मन भाषेच्या पहिल्या पायरीचं, ए वन सर्टिफिकेट आणायला पळवू नकोस, ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला व्हिसासाठी ते लागत नाही. भाषा शिकायला लाव मात्र, बेकरीत उपयोगी पडते.

अजून एक गंमत. आपल्याकडे पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि त्याला लागून नवऱ्याचं किंवा वडिलांचं असं दोन्ही टाकतात, जर्मन माणसाला ते दोन्ही तुझंच नाव वाटतं. मला सहा वर्षं विम्याची, बँकेची सगळी पत्रं नवऱ्याचं नाव चिकटवून यायची आणि एका क्लिनिकने तर मला हेर म्हणजे श्रीयुत लावून पत्र धाडलं. हसायचं आणि सोडून द्यायचं, पण प्रत्येक फॉर्मवर नाव पासपोर्टप्रमाणेच लिही, एका ठिकाणी नवऱ्याचं नाव गाळलं आणि दुसरीकडे घातलं की तिथल्या ऑफिसात तू दोन बायका होतेस.

व्हिसाचा फॉर्म आता ऑनलाइन भरतात, नंतर ओरिजिनल कागद घेऊन मुंबईला जावं लागतं. पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर सकाळची अपॉइंटमेंट घेऊ नकोस, ती वेळेत पोचली तरी सीएसएमटीला अकराच्या आसपास टेकते, तेव्हा दुपारचा स्लॉट घे नाहीतर आदल्या रात्री मावशीकडे जाऊन रहा. आणि ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं, वगैरे कोणी सांगितलं तर ते मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी असतं, तुला नको.

पोचल्यावर सगळी साखळी राहायच्या पत्त्यावर अडकते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत गावच्या ऑफिसात नोंदणी करायची असते, आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो. तो कागद नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर टॅक्स नंबर येत नाही, बऱ्याच बँका खातं उघडायला कां कूं करतात. म्हणून पहिला महिनाभराचा जो काही फ्लॅट बुक करशील त्याला आधीच मेल टाकून विचार, नोंदणीचा कागद देणार का, हो म्हणाले तरच पैसे. नंतर कायमचं घर बघशील तेव्हा डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं, ते पण हीटिंग वगैरे धरून नाही तर नुसतं कोरडं भाडं, आणि फोटोत किचनच दिसत नसेल तर फोटो काढायचा राहिला असं समजू नकोस, तिथे बरीच घरं खरोखर ओटा, सिंकसुद्धा नसताना भाड्याने देतात. पहिला पगार महिनाअखेरीला येतो त्यामुळे दोन-तीन महिने निघतील इतके पैसे सोबत हवेत, त्यातले रोख 3,000 डॉलरपर्यंतच चालतात, बाकी फॉरेक्स कार्डवर टाक.

आणि पोचल्या दिवशी, सामान उघडायच्या आधी, एक चिठ्ठी लिहून लेटरबॉक्सवर स्वतःचं आडनाव चिकटव. तिथे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, फ्लॅटला नंबरच नसतो बहुतेक, नाव बघतो. मी नाव लावलं नव्हतं, बँकेचं कार्ड आलं आणि गेलं, पिन आला आणि गेला, तीन आठवडे मी ऑफिसातल्या मैत्रिणीकडून उधार घेऊन दूध-ब्रेड आणत होते.

नमस्कार. मी नाशिकरोडला नोट प्रेसमधून रिटायर झालो. मुलगा ऑगस्टमध्ये कायमच्या नोकरीवर नेदरलँड्सला चाललाय. बँक, पीपीएफ, फ्लॅट या सगळ्याला त्याचं एकच उत्तर, बाबा सगळं ऑनलाइन होतं. खरंच होतं का?

होतं काका, पण ऑनलाइन म्हणजे ओटीपी आणि ओटीपी म्हणजे सिमकार्ड, पोरांना हे तिथे गेल्यावर कळतं. त्याचं भारतातलं सिम चालू राहिलं पाहिजे, जायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग ऑन करून घ्या, आणि सिम त्याच्या फोनमध्येच राहू द्या, देवघरातल्या डब्यात नको. मी डब्यात ठेवलं होतं. रिचार्ज राहिला, नंबर बंद पडला आणि काही महिन्यांनी तो सातपूरच्या एका गृहस्थांना मिळाला, माझ्या म्युच्युअल फंडाचे ओटीपी बरेच दिवस त्यांना जात होते, बिचाऱ्यांनी वैतागून माझ्या बहिणीला फोन केला तेव्हा मला कळलं. नवीन नंबर आधारला जोडायला तेव्हा आधार केंद्रात स्वतः जावं लागायचं, त्यासाठी मी विमानाने आले, बोला.

बँकेचं सांगते. नोकरीसाठी बाहेर निघाला की त्याचं साधं सेव्हिंग खातं तसंच ठेवता येत नाही, एनआरओ, म्हणजे बाहेर राहणाऱ्याचं इथल्या पैशांचं खातं करावं लागतं. सगळे म्हणतात कोण बघतंय, पण फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा नियम आहे, त्यामुळे जायच्या आधीच बँकेत सांगून ठेवा. एनआरओत भारतातले पैसे, भाडं, व्याज हे येतं आणि व्याजावर 30 टक्के टीडीएस अधिक सेस कापतात, तर तिथला पगार पाठवायला वेगळं एनआरई खातं उघडायचं, त्याच्या व्याजाला इथे टॅक्स नाही. तुमचं नाव दोन्हीला जोडता येतं, फॉर्मर ऑर सर्वायव्हर पद्धतीने, म्हणजे खातं त्याचं, त्याच्या पश्चात तुमचं. पीपीएफ आहे ते मुदत संपेपर्यंत चालू राहतं, पुढे वाढवता येत नाही आणि नवीन उघडता येत नाही.

ऑगस्टमध्ये निघतोय हे एका अर्थी बरं झालं. नोकरीसाठी जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर तो टॅक्ससाठी नॉन रेसिडेंट धरतात, म्हणजे तिथल्या पगारावर इथे टॅक्स नाही. हिशोब घातला तर 28 सप्टेंबरच्या आत पाय बाहेर हवा, जाण्याचा दिवस धरून, आणि मार्चच्या आत तो परत फिरकला तर ते दिवसही मोजले जातात. जॉइनिंग पुढे ढकलू नका म्हणावं.

फ्लॅटसाठी कुलमुखत्यारपत्र तो इथे असतानाच दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करून घ्या. तो गेल्यावर तेच काम तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकन, मग कागद कुरियरने, मग इथे मुद्रांक असं फिरत बसतं. कशाकशासाठी ते नेमकं लिहा, भाडेकरार, सोसायटी, वीज बिल, मनपाची घरपट्टी. विक्रीचा अधिकार घालायचा का नाही हे बाप-लेकांनी बसून ठरवा, माझं मत नको घालू असं आहे. आणि त्याचा जन्मदाखला काढून ठेवा, इंग्रजीतला, त्याला मात्र अपोस्टील लागतंच, तिथे नोंदणीला मागतात. जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, आधी नाव चढवून घ्यावं लागतं, तेव्हा लगेच मनपाच्या ऑफिसात चक्कर मारा.

सिन्नरचा आहे, आयटीआय वेल्डर. एजंट दीड लाख मागतो दुबईसाठी, म्हणतो आधी व्हिजिट व्हिसावर चल तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा करून देतो. जाऊ का?

नाही भाऊ. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे, पकडला गेलास तर एजंट सिन्नरला आणि तू आत. सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर त्याचं लायसन्स आहे का बघ, आणि लायसन्सवाल्या एजंटलासुद्धा तुझ्याकडून 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, पावतीसकट. दहावी पास असशील तर पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे कामाला जाताना सरकारी क्लिअरन्स न लागणारा मिळतो, नसशील तर ईसीआर आणि मग ई-मायग्रेटवरून क्लिअरन्स घ्यावाच लागतो, त्याच्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा येतो, दोन वर्षांना 275 रुपयात 10 लाखांचा. कॉन्ट्रॅक्ट हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. सर्टिफिकेटवर यूएईच्या भारतातल्या दूतावासाचा शिक्का लागतो, दुबईला अपोस्टील चालत नाही. आणि आईने मसाल्यात खसखस घातली असेल तर तो मसाला घरीच ठेव, तिथे खसखशीवर बंदी आहे, चेष्टा नाही, लोक अडकलेत.

लेक महिनाअखेरीस म्युनिकला जातेय. काळा मसाला, तूप, पेढे, कढीपत्ता, कुकर सगळं काढून ठेवलंय. 23 किलोत बसवू कसं? (रविवार कारंजा)

काकू, अर्धं तर मीच कमी करते. तूप आणि पेढे युरोपात दुधाचे पदार्थ म्हणून चालत नाहीत, ताजा कढीपत्ता पालापाचोळा म्हणून काढून टाकतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानातच घेत नाहीत. काळा मसाला, मेतकूट, चिवडा, चकलीची भाजणी खुशाल द्या, पिशव्या सील करून, वर इंग्रजीत नाव लिहून.

कुकर घेतलाय तो ॲल्युमिनियमचा असेल तर परत करा, तिथे बऱ्याच घरांत इंडक्शन सापडतं आणि ॲल्युमिनियम त्यावर तापतच नाही. भांडी बाजारात जाताना फ्रिजवरचं एक मॅग्नेट पर्समध्ये टाका आणि बुडाला लावून बघा, चिकटलं तर घ्या. दुकानदार म्हणेल चालतो हो ताई इंडक्शनला, म्हणू द्या. तीन लिटरचा पुरे, जास्तीची रबर रिंग आणि शिट्टी त्याच्या पोटातच ठेवा, कुकरच्या पोटात मसाल्याच्या पिशव्यापण मावतात, मोजून सहा, मी नेल्यात. मिक्सरला व्होल्टेज चालतं पण तीन पिनचा प्लग बसत नाही, अॅडाप्टर इथूनच घ्या. पॉवर बँक हँडबॅगेत, चेक-इनला नाही.

दात दाखवून घेतले का तिचे? चष्म्याचा जास्तीचा जोड? सोन्याचं काही नेत असेल तर मुंबईला कस्टम्सकडून जातानाच दागिन्यांचा दाखला घ्यायला सांगा, नाहीतर दिवाळीला येताना स्वतःच्याच पाटल्यांवर ड्युटी भरायची वेळ येते. पाटल्या खरं तर तुमच्याकडेच राहू द्या.