नवव्या दिवशी अंगभर गांधी का उठल्या?

प्रश्न : शेतात घोणस चावली म्हणून भावाला प्रतिविषाच्या बाटल्या लावल्या. बरा होऊन तो घरी आला आणि नवव्या दिवशी ताप, अंगभर गांधी, गुडघे-मनगटं सुजली. विष पुन्हा चढलं का? पुढे कधी साप चावला तर हे औषध चालेल का?

उत्तर : तुम्ही लिहिता ती लक्षणं विषाची नाहीत, ‘सीरम सिकनेस’ची वाटतात. आपल्याकडचं प्रतिविष घोड्याच्या रक्तातून काढतात आणि घोड्याची प्रथिनं आपल्या शरीराला परकी असतात.

त्रास इतक्या दिवसांनी का होतो, हे कोडं सोडवलं व्हिएन्नाच्या बालरुग्णालयातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या डॉक्टरांनी, १९०५ साली. तेव्हा घटसर्पावर (डिप्थीरिया, घशाचा जीवघेणा संसर्ग) घोड्याचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशी काढून उरलेला पातळ भाग, टोचत. मुलं घटसर्पातून वाचत, पण आठ ते बारा दिवसांनी ताप, गांधी, गाठी, सांधेदुखी सुरू होई. सीरमच विषारी असतं तर त्रास लगेच व्हायला हवा होता. दोघांनी तारखा मांडल्या, तेव्हा दिसलं की तेच सीरम दुसऱ्यांदा टोचलं की त्रास काही तासांत, कधी काही मिनिटांतच होतो. म्हणजे मधले दिवस शरीर त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार करत असतं. ती तयार होतात तेव्हा घोड्याचं प्रथिन रक्तात उरलेलंच असतं. दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे पुंजके बारीक रक्तवाहिन्यांत, सांध्यांत अडकतात, हे पुढच्या संशोधनाने दाखवलं. बदललेल्या या प्रतिसादाला पिर्केने १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हे नाव दिलं.

भावाला आजच डॉक्टरांना दाखवा. सहसा ॲलर्जीच्या (अँटीहिस्टामिन) गोळ्या आणि पाच-सात दिवस प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने आराम पडतो. लघवी कमी झाली, लाल झाली किंवा दम लागला तर मात्र थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

पुन्हा साप चावून विष भिनलं, तर प्रतिविष घ्यायचंच, त्याला पर्याय नाही. मागचा त्रास डॉक्टरांना आधी सांगा. त्वचेवर थेंबभर टोचून बघण्याची जुनी चाचणी भरवशाची नाही, तिच्यात वेळ जातो. खरी तयारी ॲड्रेनलिनची, म्हणजे तीव्र ॲलर्जी आवरणाऱ्या इंजेक्शनची : प्रौढाला १:१००० द्रावणाचं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. प्रतिविष सुरू करण्याआधी ते सिरिंजमध्ये भरून खाटेशी ठेवलेलं हवं. गांधी, उलटी, घरघर यांतलं काही दिसलं की प्रतिविष थांबवतात, ॲड्रेनलिन देतात आणि रुग्ण सावरल्यावर तीच बाटली हळूहळू पुन्हा सुरू करतात.