नॉर्वेच्या योटुनहाइमेन डोंगरांत हट-टू-हट ट्रेकला खाण्याचं सामान किती न्यावं?

तुम्ही चौघे जुलैत जाणार, त्यात दोघे शाकाहारी, आणि मार्ग कोणता घ्यावा व शिधा किती न्यावा असं विचारलंय. शिध्याचं आधी सांगतो: नेऊ नका. सुकामेवा, चॉकलेट, आपल्या चहाशिवाय चालत नसेल तर चहाची पूड. बास. पाच दिवसांचं खाणं पाठीवर घेऊन तिथे चालणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि हा वेडेपणा मी अगदी जवळून पाहिलाय.

मी ऑस्लोत राहतो. एका उन्हाळ्यात पुण्याहून मेव्हणी आणि साडू आले. साडूंनी सह्याद्रीतले निम्मे किल्ले पालथे घातलेत, त्यामुळे डोंगरातलं काही त्यांना सांगायची सोय नाही. मी फोनवर सांगून थकलो की डीएनटी ही नॉर्वेची ट्रेकिंग संस्था १८६८ पासून हेच काम करतेय, देशभर मुक्कामाच्या साडेपाचशेच्या वर हट आहेत, जेवण मिळतं. त्यांचं एकच: "डोंगरात दुसऱ्याच्या भरवशावर राहायचं नसतं." सॅक उघडली तर ठेपल्यांची चळत, खिचडीची घरी केलेली पाकिटं, मेतकूट, भडंग आणि काचेच्या बरणीत कैरीचं लोणचं. अख्खी काचेची बरणी!

येंदेसहाइम या हटहून बेसेगेन या डोंगरधारेवर चढलो. डाव्या हाताला खाली येंदे तलावाचं हिरवं पाणी, उजवीकडे जवळपास ४०० मीटर उंचावर बेसवात्नेट तलावाचं निळं, आणि मधल्या धारेवरून हात टेकत उतरायचं. साडू तिथून हरणासारखे उतरले. का नाही उतरणार? सॅक बोटीने पुढे मेमुरुबू या मुक्कामाला गेली होती. येंदेत बोट फिरते, ती सामानही नेते. पुण्यात मात्र गोष्ट सांगताना ही बोट कधीच येत नाही.

दुसऱ्या दिवशीही सॅक बोटीनेच पुढच्या हटला, येंदेबूला. संध्याकाळी सात वाजता सगळे लांब टेबलांवर बसले. आधी सूप, मग मुख्य जेवण, मग गोड. शाकाहारी असल्याचं बुकिंग करतानाच कळवलं होतं, तसं वेगळं ताट आलं. साडू तेवढ्यात खोलीत जाऊन दोन ठेपले खाऊन आलेले. "संपवायला नकोत का?" जेवणाचे पैसे भरलेले होते, हे वेगळं सांगायला नको. सकाळी नाश्त्याच्या टेबलावरच दुपारचा डबा बांधायचा असतो: ब्रेड, चीज, ते गोडसर तपकिरी चीज, काकडी, सगळं कागदात गुंडाळून. थर्मासही भरून मिळतो. साडूंनी डबा बांधला आणि ठेपल्यांवर ठेवला.

येंदेबूहून ओलाव्सबू. इथे बोट नाही. दगडधोंड्यांतून, दगडांवर रंगवलेल्या वाटेच्या खुणा, म्हणजे लाल 'T' अक्षरं, बघत चालायचं, मध्ये जुलैतही बर्फाचे पट्टे. तासाभरात साडूंचा वेग गेला. मग बरणी माझ्या सॅकमध्ये आली, पाकिटं बायकोच्या, भडंग मेव्हणीच्या. म्हणजे दुसऱ्याच्या भरवशावर कोण होतं?

ओलाव्सबूला कर्मचारी जेवण वाढत नाहीत. सरपण आणायचं, पाणी भरायचं, शेगडीवर आपलं आपण शिजवायचं, भांडी घासून ठेवायची. पण कोठीची खोली असते. तांदूळ, पास्ता, सुपाची पाकिटं, ओट्स, कुरकुरीत ब्रेड, डबाबंद मासे. घ्याल ते स्वतः लिहून ठेवायचं आणि पैसे भरायचे. मी टोमॅटो सूप आणि पास्ता काढलाही होता. तोवर साडूंनी खिचडीला हिंग-जिऱ्याची फोडणी दिली, आणि शेजारच्या टेबलावरचं जर्मन जोडपंही वाटी घेऊन आलं. झालं! तेव्हापासून प्रत्येक लग्नामुंजीत ऐकतोय की, "त्या दिवशी माझी खिचडी नसती तर हे लोक उपाशी झोपले असते." साफ खोटं. खिचडी उत्तम होती, हे मी कधीच नाकारलं नाही. मुद्दा कोठीचा आहे. कोठी भरलेली होती, आणि तिचा फोटो माझ्याकडे आहे.

मार्गाचं म्हणाल तर आम्ही गेलो तोच चांगला: येंदेसहाइम, मेमुरुबू, येंदेबू, ओलाव्सबू, मग लाइरवासबू, स्पीतरस्तूलेन, ग्लितरहाइम करून परत. वेळ कमी असेल तर स्पीतरस्तूलेनलाच संपवा. तिथे गाडीरस्ता येतो, आणि हाताशी एक दिवस असेल तर नॉर्वेचं सर्वात उंच शिखर गालहोपिग्गेन (२४६९ मीटर) तिथूनच होतं. जुलैच्या सुरुवातीला बर्फ जास्त असतो, उत्तरार्ध बरा. बुकिंग आधी करा. अंथरुणाची चादर-पिशवी स्वतःची लागते. कर्मचारी नसलेल्या बऱ्याच हटना कुलूप असतं, त्याची डीएनटीची किल्ली सदस्य होऊन आधीच घ्या.

आता थोडं मागे घेतो. तुमच्यापैकी कुणी जैन असेल किंवा कशाची ॲलर्जी असेल, तर एकदोन जेवणांपुरतं स्वतःचं जरूर ठेवा, कारण कोठीत जे असेल त्यातूनच निवडावं लागतं. आणि लोणचंही न्या. फक्त प्लॅस्टिकच्या डबीत, आणि ज्याचं त्याने वाहायचं, हे निघण्याआधीच ठरवून टाका.