लहान ओढ्यातील जंगली ट्राउट फ्लाय पाण्याला लागण्याआधीच पळून जातात. रॉड बदलावा का?

आपण विचारले आहे की, फ्लाय (किड्यासारखा दिसणारा नकली आमिषाचा गळ) टाकण्यापूर्वीच मासे दगडांखाली पसार होत असतील, तर अधिक लांब रॉड (गळाची काठी) आणि अधिक बारीक लीडर (लाइन, म्हणजे गळाची दोरी, आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक धागा) घ्यावा का. माझ्या मते दोष साहित्याचा नाही. आपण कुठे उभे राहता आणि तिथवर कसे पोहोचता, यावरच लहान ओढ्यातील बहुतेक यश अवलंबून असते.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण वाहून येणारे किडे त्याला समोरूनच मिळतात. त्याला समोरचे आणि दोन्ही बाजूंचे बरेच दिसते. शेपटीमागचा अरुंद पट्टा मात्र त्याच्या नजरेआड राहतो. म्हणून ओढ्याच्या खालच्या अंगाने वर चढत जावे. पाण्याच्या पृष्ठभागावर प्रकाश वाकत असल्यामुळे बाहेरचे जग माशाला डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूतूनच दिसते, आणि काठावर वाकून किंवा गुडघे टेकून बसलेला माणूस त्या दृश्याच्या अगदी कडेला, दबलेला आणि अंधुक राहतो. उभा माणूस मात्र सहज दिसतो. शिवाय अंगाच्या बाजूने जाणाऱ्या संवेदनरेषेमुळे पाण्यातले हादरे माशाला जाणवतात, त्यामुळे गोटे खडखडवत चालणे टाळावे आणि शक्य तिथे पाण्यात पाय घालूच नये.

आता एखादा छोटा डोह घ्या. वर पाणी कोसळते, मध्ये ते खोल होते आणि शेवटी उथळ होऊन दगडांच्या उंबऱ्यावरून पुढे निघते. सर्वांची नजर वरच्या फेसाकडे जाते, पण त्या उथळ शेवटाशी बहुधा एखादा लहान मासा असतोच, आणि तो बिथरून वर धावला की सारा डोह सावध होतो. म्हणून पहिली फ्लाय तिथेच टाकावी. ही जागा अवघड आहे, कारण उंबऱ्यापाशी पाण्याचा वेग एकाएकी वाढतो, लाइन ओढली जाते आणि फ्लाय पाण्यावर रेघ उमटवत फरफटते. अशी फरफटणारी फ्लाय ट्राउट सहसा घेत नाही. यावर उपाय एकच: जवळ जावे, रॉडचे टोक उंच धरावे आणि फ्लाय व लीडरच्या टोकाखेरीज काहीही पाण्यावर टेकू देऊ नये. फ्लाय दोन-तीन सेकंद जरी मोकळी वाहिली, तरी तेवढे पुरते. मासा आलाच, तर हिसका न देता रॉड नुसता उचलावा.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगतो. दोन ते चार वजन-क्रमांकाचा (म्हणजे हलक्या लाइनसाठीचा), साडेसहा ते साडेसात फुटांचा रॉड आणि ०.१५ मिलिमीटरच्या आसपासचा टिपेट (लीडरचा फ्लायकडचा शेवटचा, सर्वांत बारीक भाग) पुरेसा आहे. फांद्या फार खाली आलेल्या असतील, तर फ्लाय बोटांत धरून रॉड धनुष्यासारखा वाकवावा आणि फ्लाय सोडून द्यावी. डोंगराळ ओढ्यांत खाद्य कमी असल्याने मासे फारसे चोखंदळ नसतात. एल्क हेअर कॅडिस किंवा अ‍ॅडम्स ही पाण्यावर तरंगणारी फ्लाय, १४ किंवा १६ क्रमांकाच्या लहान गळावरची, बहुतेक वेळा चालते. पेट्या भरून फ्लाय जमवण्यापेक्षा तो वेळ पाण्याकडे पाहण्यात घालवावा, असे मला मनापासून वाटते.

दोन गोष्टींबाबत मी आग्रही आहे. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सियसच्या वर गेले असेल, तर त्या दिवशी गळ टाकूच नये. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून दमलेला मासा सोडल्यावरही दगावू शकतो. एरवीही टोकाशी उलटा काटा नसलेला गळ वापरावा, हात ओले करूनच मासा धरावा आणि शक्यतो तो पाण्याबाहेर काढू नये. दुसरी गोष्ट म्हणजे, ब्राउन ट्राउटची मादी शरद ऋतूच्या अखेरीस शेपटीने खडी उकरून त्यात अंडी घालते. आजूबाजूच्या शेवाळलेल्या तळात असा उजळ, धुतलेल्या खडीचा पट्टा दिसला, तर तिथल्या माशांना फ्लाय दाखवू नये, आणि अंडी हिवाळाभर त्या खडीतच असल्यामुळे त्यावर पाय न ठेवता काठावरून वळसा घालून जावे.