पाणी बघून गळ टाका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या खेपेच्या पत्रांत मासा कुठल्या आमिषाला लागतो यापेक्षा पाणी कधी आणि किती चढते हेच जास्त विचारलेले आहे. आमच्या मते हा प्रश्न आधीच यायला हवा होता. आपल्या सीमाभागातल्या नद्यांचा पाऊस पडतो राधानगरी, आजरा, आंबोली, चंदगड, कणकुंबीच्या घाटमाथ्यावर. इकडे चिकोडी, अथणीत लख्ख ऊन असते आणि पाणी पायाशी येते. म्हणून आभाळावर भरवसा ठेवू नका, काठावरच्या खुणेवर ठेवा.

प्रश्न (निपाणी) : आम्ही यमगर्णीच्या आसपास वेदगंगेवर बसतो. राधानगरीचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की गळ गुंडाळतो. ते पाणी किती तासांत पोचते?

ते पाणी तुमच्या काठावर येतच नाही. राधानगरीचा विसर्ग भोगावतीतून पंचगंगेत आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेत जातो. ती बातमी अंकली, कुडची, उगारला कृष्णेवर बसणाऱ्यांच्या कामाची. वेदगंगेसाठी पाटगाव धरण बघा, दूधगंगेसाठी काळम्मावाडी, संकेश्वरकडे हिरण्यकेशीवर बसत असाल तर चित्री धरण आणि आंबोली-आजऱ्याचा पाऊस. वेदगंगा दूधगंगेला मिळते, त्यामुळे सदलग्याकडे बसणाऱ्याने पाटगाव आणि काळम्मावाडी दोन्ही बघावीत.

कृष्णेवर कोयना, चांदोली आणि राधानगरी तिन्हींचे पाणी एकत्र येते. रोजच्या बातमीत ‘राजापूर बंधाऱ्यातून विसर्ग’ असा आकडा असतो, तो या सगळ्याची बेरीज म्हणून धरायला चालतो. मात्र त्यात दूधगंगा नसते, कारण ती राजापूरच्या खाली, कल्लोळजवळ कृष्णेला मिळते. कल्लोळच्या खाली बसणाऱ्याने दोन्ही आकडे मिळवूनच अंदाज करावा.

राधानगरीबद्दल एक गोष्ट कृष्णाकाठच्यांनी ध्यानात ठेवावी. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी सुटते. कुणी अधिकारी सकाळी ठरवून उघडत नाही, त्यामुळे मध्यरात्रीही उघडू शकतात. रात्रीची बैठक असेल तर संध्याकाळची बातमी पुरेशी नाही.

तासांचे गणित असे करा. पूर नसताना पण नदी भरून वाहत असताना पाण्याचा वेग साधारण ताशी ३ ते ५ किलोमीटर धरा. धरणापासून तुमची जागा नदीच्या वळणांसह ६० किलोमीटर असेल, तर ताशी ४ च्या हिशेबाने १५ तास. पण चढत्या पाण्याची लाट प्रत्यक्ष पाण्यापेक्षा पुढे पळते, साधारण दीडपट. म्हणजे दहा तासांतच पातळी हलायला लागते. वाटेतले डोह आणि बंधारे आधीच भरलेले असतील तर आणखी लवकर. रस्त्याचे अंतर धरू नका, नदीचे धरा. वळणे मोजली की ते बरेच जास्त भरते.

प्रश्न (सदलगा) : क्युसेक आणि टीएमसी वाचतो, पण आमच्या घाटावर त्याचा अर्थ काय घ्यायचा?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. दिवसभरात एवढे पाणी सोडायचे तर विसर्ग ११,५७४ क्युसेक ठेवावा लागतो. टीएमसी साठ्याचा आकडा आहे, काठावरच्या माणसाला तो एवढेच सांगतो की धरणात अजून जागा किती उरली. काळम्मावाडीची क्षमता २५.४० टीएमसी. ते निम्मे रिकामे असेल तर मोठा पाऊसही आत जिरतो. काठोकाठ असेल तर जेवढी आवक तेवढा विसर्ग, तोही त्याच दिवशी.

क्युसेकवरून फूट काढायचे कुठलेही तयार कोष्टक तुमच्या घाटाला लागू होणार नाही. पात्र ६० मीटर रुंद आणि वेग सेकंदाला एक मीटर असेल, तर ५,००० क्युसेकला सरासरी २.३ मीटरच्या आसपास खोली लागते. तेच पाणी १५० मीटर रुंद पसरट पात्रात मीटरभरसुद्धा चढणार नाही. म्हणून आपले कोष्टक आपणच करा. घाटाच्या पायऱ्या खालून वर मोजा, वहीत रोज तारीख, वरच्या धरणाचा विसर्ग आणि बुडालेली पायरी लिहा. एका पावसाळ्यात तुमच्याकडे असे कोष्टक तयार होईल की ‘इतका विसर्ग सुटला, दुसऱ्या दिवशी सातवी पायरी गेली’ हे बघून सांगता येईल. हे काम कंटाळवाणे आहे, पण याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

प्रश्न (अथणी तालुका) : बंधाऱ्याच्या खांबावर रंगवलेली पट्टी नेमकी कशी वाचायची? आमच्याकडे पट्टी दोन-दोन दिवस हलत नाही. मग धोका नाही असे समजावे का?

आधी पट्टी फुटांची की मीटरची ते बघा. मीटरच्या पट्टीवर मोठे आकडे दहा-दहा सेंटीमीटरवर असतात. खांबाच्या वरच्या अंगाला पाणी आपटून फुगते आणि खालच्या अंगाला खड्डा पडतो, त्यामुळे बाजूच्या शांत पाण्यावरची रेघ वाचा. लाटा असतील तर मिनिटभर बघा, वरचा आणि खालचा आकडा घेऊन मधला धरा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : नाही. हिप्परगी बंधाऱ्याच्या मागे कृष्णेला फुगवटा, म्हणजे अडून मागे साचलेले पाणी, असतो. तिथली पातळी दरवाजे वर-खाली करून राखलेली असते. वरून येणारे पाणी दुप्पट झाले आणि खालचे दरवाजे त्या मानाने उघडले, तर पट्टी जागेवरच राहते, पण पाण्याची ओढ वाढते. फुगवट्यात पट्टीबरोबर वेगही मोजा. काठाने ३० मीटर अंतर मोजून दोन खुणा करा, वरच्या खुणेला एक वाळकी काडी धारेत टाका. ३० सेकंदांत खालच्या खुणेला आली तर वेग सेकंदाला एक मीटर. हा पृष्ठावरचा वेग. सरासरी त्याच्या ८५ टक्के धरा.

पाण्यात उतरून गळ टाकणाऱ्यांनी खोली मीटरमध्ये आणि वेग गुणून बघावा. गुणाकार ०.४ च्या वर गेला तर आत पाऊल टाकू नका. गुडघाभर, म्हणजे अर्धा मीटर पाणी आणि सेकंदाला एक मीटर वेग असला की ०.५ होतात, तळ शेवाळी असेल तर धडधाकट माणूसही तिथे घसरतो. वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो.

प्रश्न (खानापूर) : मलप्रभेवर आमच्या वरच्या बाजूला मोठे धरण नाही. मग विसर्गाची बातमी कुठली बघायची?

कुठलीच नाही. नविलुतीर्थचे धरण तुमच्या कितीतरी खाली, सौंदत्तीकडे आहे. कणकुंबीला पडलेला पाऊस अडवायला मध्ये काही नाही, म्हणून पाणी झपाट्याने चढते आणि झपाट्याने उतरते. तुमच्यासाठी काठावरची खुणेची काठी हाच एकमेव इशारा.

करंगळीएवढ्या जाड काठीवर चाकूने दर दोन इंचांवर खाच पाडा आणि जिथे पाणी लाटेविना काठाला टेकते तिथे ती घट्ट रोवा. एक खाच नेमकी पाण्याच्या रेषेवर आली पाहिजे. मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावा. दहा मिनिटांत एक खाच बुडाली तर तासाला एक फूट. काठाचा उतार दहाला एक असेल, तर एक फूट चढलेले पाणी दहा फूट आत येते. तुमची पिशवी, डबा आणि परतीची वाट या दहा फुटांत कुठे आहे ते काठी रोवतानाच बघून ठेवा. आमचा नियम कडक आहे : एक खाच बुडाली की सामान वर न्या, दुसरी बुडाली की उठा. मासा ओढत असला तरी.

खाच बुडायच्या आधीही पाणी सांगते. नितळ पाण्यात लालसर रेघ शिरते. सुकी पाने, काटक्या, फेस आणि केंदाळाचे (जलपर्णीचे) झुबके धारेतून यायला लागतात. तंगुसाला (गळाच्या दोरीला) न दिसणारे गवत अडकून तरंगा विनाकारण बुडू लागला तर तेही तेच सांगते. दूधगंगा-कृष्णेकाठी आणखी एक खात्रीची खूण आहे : शेतकरी पाणी उपसायच्या मोटारी वर ओढायला लागले की त्यांच्याकडे वरची बातमी पोचलेली असते. तेव्हा गळ गुंडाळा, आणि जमले तर मोटारीला हात लावा.

प्रश्न (कारदगा) : बंधाऱ्याखालच्या फेसाळ पाण्यात मासा भरपूर असतो. भिंतीजवळ बसणे खरेच इतके वाईट का?

होय. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळाला जाते आणि थोडे पुढे उकळी फुटल्यासारखे वर येते. त्या उकळीपासून भिंतीपर्यंतचे वरचे पाणी उलटे, भिंतीकडे वाहत असते. त्यात सापडलेला ओंडका तासन् तास तिथेच गोल फिरताना दिसेल. माणसाचे तेच होते. शिवाय पाण्यात हवा मिसळलेली असल्याने अंग नेहमीसारखे तरंगत नाही. वरच्या आणि खालच्या पाण्यात फरक फुटा-दीड फुटाचाच उरला की बघणाऱ्याला पाणी शांत वाटते, पण उलटी ओढ तेव्हाही जबर असू शकते.

फेस कुठून खाली वाहायला लागतो ते बघा. त्या रेषेच्या निदान २० मीटर खाली बसा. बंधाऱ्याखालच्या शेवाळलेल्या फरशीवर अजिबात उतरू नका. कुणी पडलाच तर मागे उडी घेऊ नका. रिकामा पाच लिटरचा बंद कॅन दोरीला बांधून फेका, दोरी किमान १५ मीटर हवी. ११२ ला फोन करताना गावाबरोबर बंधाऱ्याचे नाव सांगा, कारण एका गावाच्या हद्दीत दोन बंधारे असतात.

को. प. (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यांवर बरग्यांचे, म्हणजे पाणी अडवायला घालतात त्या फळ्यांचे, दिवसही लक्षात ठेवा. पावसाळ्याच्या तोंडाला बरगे काढतात, पावसाळा सरला की घालतात. एका बंधाऱ्याचे बरगे काढले की साठलेले पाणी एकदम खालच्या बंधाऱ्यावर येते, पाऊस नसताना. उन्हाळ्यात धरणातून शेतीसाठी पाण्याची पाळी (आवर्तन) सोडतात तेव्हाही तेच. कोरड्या पात्रातल्या खडकावर बसणाऱ्याची वाट आधी तुटते आणि मग तो बसलेला खडक बुडतो. पाटकऱ्याला, म्हणजे पाणी सोडण्यावर देखरेख करणाऱ्याला, विचारून बसणे सगळ्यात सोपे.

प्रश्न (गोकाक) : पूर ओसरताना मासा चांगला लागतो. हिडकलचा विसर्ग कमी झाल्यावर लगेच बसले तर चालेल का?

तुमच्याकडे घटप्रभेवरचे हिडकल धरण एकटे नाही. हिरण्यकेशी हिडकलच्या खाली घटप्रभेला मिळते आणि गोकाकजवळ मार्कंडेयही येते. हिडकलचे दरवाजे बंद झाले तरी या दोन्ही चढत्या असतील तर लोळसूर पुलाकडे पाणी उतरणार नाही.

पाणी खरोखर उतरत असले तरी घाई नको. काळ्या मातीचा काठ पुरात आठवडाभर भिजून जड होतो. तोवर त्याला पाण्याचाच आधार असतो. पाणी भराभर उतरले की आधार जातो आणि जड काठ कोसळतो, बहुधा खालून पोखरलेला असल्यामुळे सलग. काठाला समांतर बोटभर रुंद भेग दिसली की तिच्या नदीकडच्या बाजूला पाय ठेवू नका. काठ जितका उंच, निदान तितके अंतर मागे बसा. दोन-तीन उन्हे पडून काठ वाळू द्या.

कृष्णेवर बसणाऱ्यांसाठी आणखी एक : तिथे मगरी आहेत आणि पुरानंतर त्या नेहमीच्या डोहाबाहेर, ओढ्यात, उसाच्या कडेला सापडतात. पाण्यापासून तीन मीटर मागे बसा आणि मासे पाण्याच्या कडेला साफ करू नका.

प्रश्न (चिकोडी) : कार्बनची काठी घेतली आहे. काही काळजी?

कार्बनमधून वीज वाहते. नदीकाठी मोटारींच्या तारा खाली लोंबलेल्या असतात, म्हणून गळ फेकण्याआधी वर बघा आणि तारेखाली काठी जोडलेल्या अवस्थेत नेऊ नका. पाणी चढलेल्या काठावर बुडालेली केबल किंवा स्टार्टरची पेटी दिसली तर तिथून मागे फिरा आणि मोटारवाल्याला कळवा.