थायॉलच्या थरावर सोन्याचा वरचा काँटॅक्ट शॉर्ट होतो, डिपॉझिशनचा दर किती ठेवावा?

तुम्ही विचारलंय की सोन्यावर हेक्साडेकेनथायॉलचा (गंधकाच्या टोकाने सोन्याला चिकटणाऱ्या लांब रेणूंचा) एकपदरी थर बसवला, वरून मास्कमधून, म्हणजे भोकं पाडलेल्या पत्र्यातून, सोन्याची वाफ टाकली, की जवळपास सगळे पॅड (वरचे सोन्याचे बारीक चौकोन) शॉर्ट होतात, म्हणजे खालच्या सोन्याला थेट भिडतात, तर सोनं टाकण्याचा दर किती ठेवावा. आणि शेवटी लिहिलंय, ‘गाइड म्हणतात तुझा थरच नीट बसत नाही.’ त्या ओळीसाठी उत्तर लिहायला बसलोय. तुम्ही निपाणीचे आहात, मी बेळगावचा, शहापुरातला, हे एक आणखी कारण.

हेच वाक्य मी तीन वर्षं ऐकलं, लॅबमध्ये, सगळ्यांसमोर. माझ्या एका चिपवर ६४ पॅड असायचे. एका पावसाळ्यात केलेल्या चिपचे ६१ शॉर्ट निघाले, ३ चालले. सर म्हणाले, तिघांचा आलेख काढ, बाकीचं लिहायची गरज नाही, तुझा हात अजून बसलेला नाही. मी गप्प बसलो. ते आजही बोचतं.

त्या वर्षी गणपतीला घरी आलो. खडेबाजारात मामांचं मिठाईचं दुकान. काजूकतलीला वर्ख लावायचा म्हटलं की मामा आधी पंखा बंद करायला लावायचे. वर्ख कागदासकट उचलायचा, ताटावर पालथा घालायचा, वरून तळवा हलकेच फिरवायचा आणि कागद सोलून घ्यायचा. बोट लागलं की वर्ख बोटालाच चिकटतो. ते बघताना डोक्यात आलं, इथे चांदी अख्खा पापुद्रा होऊन खाली उतरते. मी मात्र रेणूंवर सोन्याचे सुटे अणू ओततोय.

हिशेब करून बघा. तुमचा थर जेमतेम २ नॅनोमीटर, म्हणजे सोन्याचे सातेक अणू एकावर एक ठेवले की संपला. १०० मायक्रोमीटर बाजूच्या चौरस पॅडखाली सुमारे ४,६०० कोटी रेणू येतात. खालच्या सोन्याच्या कणांच्या सांध्यांवर, पायऱ्यांवर थर विस्कटलेला असणारच, कितीही जपून बसवला तरी. रेणूच्या टोकाला मिथाइल गट, त्याला सोन्याशी देणंघेणं नाही. अणू वर थांबत नाही, फट मिळाली की खाली जातो. अशी एक वाट खालपर्यंत पोचली की अख्खा पॅड गेला.

परत गेलो तेव्हा त्याच खेपेत केलेल्या दुसऱ्या तुकड्यावर गॅलियम-इंडियमचं टोक टेकवून बघितलं. हा मिश्रधातू १५.५ अंशालाच वितळतो, खोलीत पातळच असतो. सिरिंजच्या सुईला थेंब लटकवायचा, धातूच्या पृष्ठावर टेकवून सावकाश वर ओढायचा. मान बारीक होत तुटते आणि सुईला शंकूसारखं टोक उरतं. ते थरावर टेकवलं. २० जागांपैकी १७ जागी शॉर्ट नाही. थर चांगला होता, हातही चांगला होता. सरांना दाखवलं तर म्हणाले, हा वेगळा प्रयोग झाला. ६१ चा आकडा पेपरात आलाच नाही. प्रबंधात मात्र मी घातला, भांडून घातला.

आता दर. सेकंदाला ०.१ ते ०.५ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग) ठेवा, सबस्ट्रेट, म्हणजे थर बसवलेला तुकडा, थंड ठेवा, जमलं तर तो बोटीकडे (सोनं तापवायच्या भांड्याकडे) पाठ करून लावा आणि चेंबरमध्ये थोडा आर्गॉन सोडा, म्हणजे अणू टकरा खात, जोर गमावून पोचतात. शॉर्ट कमी होतील, जाणार नाहीत. माझं स्पष्ट मत: मिथाइल टोकाच्या थरावर थेट सोनं टाकणं सोडून द्या. मधे पेडॉट-पीएसएस या वाहक पॉलिमरचा थर द्या, मग वर खुशाल सोनं टाका. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने २००६ साली १०० मायक्रोमीटर व्यासापर्यंतचे जोड असेच केले, ९५ टक्क्यांहून जास्त चालले. नाहीतर सोन्याचा पापुद्रा वेगळा करून पाण्यावर तरंगवा आणि थरावर उतरवा, वर्खासारखा.

एक सांगायचं राहिलं. गॅलियम-इंडियमच्या टोकावर ऑक्साइडची साय असते, आणि विद्युतदृष्ट्या खरा स्पर्श दिसतो त्याहून फार कमी जागेत होतो. त्यामुळे त्यावरून प्रवाहघनता (दर क्षेत्रफळाला किती प्रवाह) छातीठोक सांगू नका. थर धड आहे की नाही, एवढंच त्याला विचारा. पेडॉट पाण्यातून येतो, मिथाइलवर नीट पसरत नाही, तिथे हात बसायला वेळ लागेल. टोकाला थायॉल असलेला रेणू घेतलात तर सोनं वर बरंच थांबतं, पण मग तुमचा रेणूच बदलला.

उद्या आधी टोक टेकवून बघा आणि तो आकडा गाइडसमोर ठेवा. आणि तुमच्या चिपवर पॅड किती होते, शॉर्ट किती गेले, ते इथे खाली लिहा. दोन्ही आकडे लिहा.