वाचक विचारतात : बोलघेवड्या स्नोची बाजू

प्रश्न : विज्ञानपटांतल्या रांगड्या, वाकड्या नायकांचा विषय निघाला की ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’चा स्नेक प्लिस्किन आणि ‘पिच ब्लॅक’चा रिडिक या दोघांवरच गाडी थांबते. तुमच्या मते अन्याय कुणावर झालाय? – एक वाचक, सांगली

उत्तर : स्नोवर. ‘लॉकआउट’मधला (२०१२), गाय पिअर्सने केलेला. सिनेमा कधी आला, कधी गेला, बऱ्याच जणांना कळलंच नाही. ज्यांना आठवतो, त्यांना तो कोर्टकज्ज्यामुळे आठवतो.

साल २०७९. पृथ्वीभोवती फिरणारा एमएस वन नावाचा तुरुंग, त्यात पाचशेच्या आसपास कैदी, सगळे गाढ झोपवून ठेवलेले. या झोपेने कैद्यांची डोकी बिघडतात का, हे बघायला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची मुलगी एमिली तिथे जाते. अंगरक्षकाने नियम मोडून आत नेलेलं पिस्तूल एका कैद्याच्या हाती लागतं आणि तासाभरात तुरुंगच कैद्यांच्या ताब्यात जातो. तिला सोडवायला कोणाला पाठवायचं? तर स्नोला. स्वतः सीआयएचा माणूस, पण अंगावर हेरगिरीचा आणि खुनाचा खोटा आळ. त्यालाही त्याच तुरुंगात झोपवायचं ठरलेलंच असतं.

स्नो आधी चक्क नाही म्हणतो. तयार होतो तो मेस नावाच्या साथीदारासाठी. स्वतःला निर्दोष ठरवणारी बॅग कुठे आहे हे फक्त मेसला ठाऊक, आणि मेस त्या तुरुंगात. देश, राष्ट्राध्यक्ष, मुलगी हे सगळं त्याच्या लेखी नंतरचं. हा स्वार्थ तो लपवत नाही, म्हणून मला तो पटतो. पुढे एमिलीबद्दल त्याला काही वाटू लागतं, पण तेही तो तोंडाने कबूल करत नाही. तिला कैद्यांत खपवायला तिचे केस कापतो, तेव्हासुद्धा जिभेला आराम नाही.

सुरुवातीचा प्रसंग तर जरूर बघा. स्नोला खुर्चीत बसवून चौकशी चाललीय. प्रत्येक उत्तराला टोमणा, प्रत्येक टोमण्याला ठोसा. ठोसा बसला की त्याचं डोकं चौकटीबाहेर जातं आणि मागे श्रेयनामावली दिसते. तो शूर आहे हे कुणी सांगत नाही; मार खाताना त्याची जीभ चालू राहते, एवढंच दिसतं. आपल्या नायकांना मार खाल्ल्यावर ताकद चढते. याला फक्त दुखतं.

आता कज्जा. जॉन कार्पेंटरच्या ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’ (१९८१) या सिनेमावरून हा उचलला, असा निकाल फ्रान्सच्या न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. २०१६ मध्ये अपिलात भरपाई वाढून साडेचार लाख युरो झाली. कथानकापुरता निकाल मला मान्य आहे. तुरुंगात अडकलेली बडी व्यक्ती, तिला सोडवायला गुन्हेगार, बदल्यात माफी. सांगाडा तोच आहे. पण माणूस तो नाही. स्नेकच्या मानेत स्फोटकं पेरलेली असतात, म्हणून तो जातो, आणि सबंध सिनेमात मोजकं पुटपुटतो. स्नो गप्प बसला तर कोसळेल असा आहे. हा फरक पिअर्सने आणलाय. ‘मेमेन्टो’तला (२०००) तो काटकुळा, गोंधळलेला तरुण आठवा (‘गजनी’ची प्रेरणा तिथलीच) आणि मग हा दंड फुगवलेला, सिगारेटवाला उर्मट गडी बघा. एकच नट आहे यावर विश्वास बसणार नाही.

सिनेमा मात्र त्याच्या तोलाचा नाही. सुरुवातीचा मोटरसायकलचा पाठलाग स्वस्तातल्या व्हिडिओ गेमसारखा दिसतो, आणि शेवटची उकल घाईत गुंडाळलीय.

प्रश्न : ‘लॉकआउट’मध्ये स्नो आणि एमिली अंतराळातून उडी मारून न्यूयॉर्कमध्ये उतरतात. असं होऊ शकतं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही हो. लोकांना वाटतं अडचण उंचीची आहे. खरी अडचण आडव्या वेगाची. खालच्या कक्षेतली वस्तू ताशी सुमारे २८,००० किलोमीटरने पृथ्वीभोवती धावत असते. तुरुंगातून उडी मारली म्हणून तो वेग जात नाही, तुम्हीही त्याच वेगाने हवेत शिरता. पुढची हवा दाबली जाऊन इतकी तापते की जाड उष्णतारोधक कवच लागतं. साध्या पोशाखाचा कोळसा होईल. गंमत म्हणजे सिनेमा आला त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये फेलिक्स बॉमगार्टनरने सुमारे ३९ किलोमीटरवरून उडी मारून दाखवली. पण तो फुग्यातून गेला होता, त्यामुळे हा आडवा वेग त्याच्या वाट्याला आलाच नाही.

प्रश्न : याच जातीचं आणखी काही सुचवा. – त्याच सांगलीच्या वाचकांकडून

उत्तर : रे लिओटाचा ‘नो एस्केप’ (१९९४). इथे तुरुंग म्हणजे एक बेट. नायक बोलतो कमी, पण पळून जायचं सोडून त्याला दुसरं काही नको असतं. क्रिस्टोफर लँबर्टचा ‘फोर्ट्रेस’ही (१९९२) बघा, तुरुंगाच्या कल्पनेसाठी. नायकासाठी नको.