सॉफ्टवेअर सिंथचा (संगणकावर चालणाऱ्या सिंथेसायझरचा) आवाज पुरेसा भरीव आणि उबदार आहे का, हे कसं ओळखावं?

आधी प्रीसेटवरचे (सिंथमधल्या तयार आवाजावरचे) रिव्हर्ब, कोरस, डिले हे इफेक्ट बंद करा. बरीचशी ऊब तिथून उसनी आलेली असते. मग नुसती सॉ वेव्ह (करवतीच्या दातांच्या आकाराची मूळ ध्वनिलहर) घेऊन वरच्या पट्टीत पिच बेंड (सूर वर-खाली सरकवणारं चाक) फिरवा. मूळ सुराच्या उलट दिशेने सरकणारी किणकिण ऐकू आली, तर ते एलिअसिंग, म्हणजे डिजिटल आवाजातला दोष. आता दुसरा ऑसिलेटर (मूळ लहर तयार करणारा भाग) ५-७ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) हलवून खर्ज धरून ठेवा. १९७० च्या मिनीमूग या अ‍ॅनालॉग सिंथचे ऑसिलेटर आपोआप किंचित सरकत, म्हणून तो सूर जिवंत वाटायचा. इथे वाटतो का?

मी जळगावात अहिराणी गाण्यांना संगीत देतो. एकटे गोड वाटणारे पॅड (लांब धरलेले मऊ सूर) ढोलकी सुरू झाली की दबतात, म्हणून शेवटची पारख ढोलकीसोबतच करा. दोन सिंथ ताडताना व्हॉल्यूम मात्र सारखा ठेवा, मोठा आवाज कानाला नेहमीच भरीव वाटतो.